मेट्रो-लोकलचा पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे? मुंबई महानगर प्रदेशातील वाहतूक निधीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याच्या मधोमध पत्रे ठोकले गेले की दोन प्रश्न हमखास येतात. एवढा पैसा कोणाचा? आणि मंजूर झाला असेल तर काम पुढे का सरकत नाही? पुढची उत्तरं मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशाबद्दल आहेत, जिथे मुद्दा तसा असेल तिथे पुण्याचाही उल्लेख आहे. वाहतूक नियोजन किंवा लेखा विभागात नव्याने रुजू झालेल्यांना, वार्ताहरांना आणि ज्यांच्या दारासमोर खांब उभा राहतोय त्यांना डोळ्यांपुढे ठेवून ती लिहिली आहेत.

भांडवली निधी म्हणजे नेमकं काय? तिकिटाच्या पैशातून मेट्रो का बांधत नाहीत?

बांधण्यासाठी आणि विकत घेण्यासाठी लागणारा पैसा म्हणजे भांडवली निधी. बोगदा, खांब, रूळ, डबे, सिग्नल, कारशेड, भूसंपादन, प्रकल्पबाधितांची घरं हे सगळं त्यात येतं. वीजबिल, पगार, साफसफाई, सुटे भाग हा महसुली खर्च. तिकिटाच्या उत्पन्नातून हा दुसरा खर्च भागला तरी आपल्याकडे गंगेत घोडं न्हालं असं समजतात. त्यातून बांधकामाचे हजारो कोटी निघण्याचा प्रश्नच येत नाही. लोकलच्या पासाच्या दरात तर रोजचा खर्चही निघत नाही.

हा पैसा सांभाळतं कोण? एकच संस्था का नाही?

एकच नाही, हीच खरी अडचण. महानगर प्रदेशात नऊ महानगरपालिका आहेत: मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल. त्यांच्या डोक्यावर एमएमआरडीए, म्हणजे १९७४ च्या कायद्याने आलेलं आणि १९७५ मध्ये कामाला लागलेलं प्रादेशिक प्राधिकरण. बहुतेक मेट्रो मार्गिका त्याच्याकडे. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मार्गिका ३ मात्र मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन या वेगळ्या कंपनीकडे, ज्यात केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे मालक. लोकलच्या विस्ताराचं काम १९९९ मध्ये स्थापन झालेलं मुंबई रेल्वे विकास महामंडळ पाहतं, त्यात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के आणि राज्याचे ४९ टक्के. बेस्टच्या बस मुंबई पालिकेच्या, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे तिथली मेट्रो, आणि तिथल्या रेल्वेच्या बांधकाम खर्चातला मोठा वाटाही तिचाच.

या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्यासाठी २००८ च्या सुमारास एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणाची कल्पना कागदावर आली. पण तिच्या हाती तिजोरीची किल्ली कधीच दिली गेली नाही, आणि ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्या बैठकीला खातेप्रमुख आपल्या हाताखालचा अधिकारी पाठवतात.

कोणती मार्गिका आधी, हे कसं ठरतं? की नेत्याचा मतदारसंघ बघून?

कागदोपत्री क्रम असा: आधी सर्वंकष वाहतूक अभ्यास, त्यातून जाळ्याचा आराखडा, मग एकेका मार्गिकेचा पर्यायांचा अभ्यास, मग सविस्तर प्रकल्प अहवाल, ज्याला सगळे डीपीआरच म्हणतात. मुंबईसाठी मेट्रोचा पहिला बृहत् आराखडा २००४ च्या आसपास दिल्ली मेट्रोने केला, सुमारे १४६ किलोमीटरचा. सर्वंकष अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला.

प्रत्यक्षात क्रम ठरवणाऱ्या गोष्टी तीन. जागा कुठे मोकळी आहे? कर्ज देणारा कशासाठी तयार आहे? आणि निवडणूक किती लांब आहे? पश्चिम द्रुतगती महामार्गावर मार्गिका ७ आणि लिंक रोडवर २अ लवकर उभ्या राहिल्या, कारण खांब रस्त्याच्या मधल्या दुभाजकात बसले आणि खासगी जागा कमी लागली. तिथे गर्दीही होती, हे मान्य. पण केवळ गर्दी हाच निकष असता तर भुयारी मार्गिका त्यांच्या आधी धावली असती. राजकारण असतंच. मात्र त्याची ताकद मंजुरीच्या दिवशी दिसते, बिल चुकतं करण्याच्या दिवशी नाही.

एका मार्गिकेसाठी पैसा कसा जमतो, याचं खरं उदाहरण द्या.

मार्गिका ३ घेऊ. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं. मूळ मंजूर खर्च २३,१३६ कोटी रुपये. तो असा जमवायचा होता: जपानच्या जायका संस्थेचं कर्ज १३,२३५ कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त. केंद्राचं समभाग भांडवल सुमारे २,४०३ कोटी आणि राज्याचं तेवढंच. केंद्राचं गौण कर्ज सुमारे १,०२६ कोटी, राज्याचं सुमारे १,६१४ कोटी. मालमत्ता विकासातून १,००० कोटी, एमएमआरडीएकडून ६७९ कोटी आणि विमानतळाच्या स्थानकांपोटी मुंबई विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडून ७७७ कोटी.

आता हीच यादी व्यवस्थापकाच्या नजरेने वाचा. देणारे पाच-सहा, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. जायकाचा पैसा काम झाल्यावर, कागद दाखवल्यावर. केंद्राचा पैसा अर्थसंकल्पातल्या तरतुदीनुसार, हप्त्याने. राज्याचा शासन निर्णय निघाल्यावर. मालमत्ता विकासाचा पैसा बाजार बरा असेल तर, एरवी नाही. खोदकाम मात्र एकाच घड्याळावर चालतं. टनेल बोअरिंग मशीन जमिनीखाली उतरलं की ते थांबवणं पैसे देण्यापेक्षा महाग पडतं. म्हणून भांडवली निधी सांभाळणाऱ्या माणसाचं रोजचं काम पैसा मिळवणं हे नसतं. मंजूर झालेला पैसा नेमक्या महिन्यात हातात असेल हे बघणं, एवढंच असतं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

गौण कर्ज म्हणजे काय?

बिनव्याजी, आणि फेडीच्या रांगेत सर्वांत शेवटी उभं असलेलं कर्ज. प्रकल्पावर लागणारे कर आणि जमिनीची किंमत यांचा भार उचलायला सरकारं ते देतात. एका खिशातून कर घेतला आणि दुसऱ्या खिशातून उधार दिला, असं कोणी म्हटलं तर फारसं चूक नाही. पण जायकाचं कर्ज आधी फिटतं आणि हे नंतर, हे महत्त्वाचं. त्यामुळेच परदेशी सावकार निर्धास्त असतो.

केंद्र सरकार किती देतं?

२०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणाने तीन वाटा ठेवल्या. एक, खासगी भागीदारी आणि त्यासाठी व्यवहार्यता तफावत निधी, म्हणजे प्रकल्प खासगी कंपनीला परवडावा म्हणून सरकार देतं ते अनुदान. दोन, केंद्राकडून १० टक्क्यांचं एकरकमी अनुदान. तीन, केंद्र-राज्य निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी. कोणतीही वाट धरली तरी काही ना काही खासगी सहभाग हवाच, मग तो तिकीट वसुलीत असो किंवा देखभालीत. शिवाय आर्थिक परताव्याची, म्हणजे समाजाला होणाऱ्या फायद्याची, १४ टक्क्यांची अट. पूर्वी ८ टक्के वित्तीय परतावा पाहायचे. नव्या मोजमापात वाचलेला वेळ, कमी झालेलं प्रदूषण, टळलेले अपघात धरता येतात. हा बदल चांगलाच. पण वाचलेल्या तासाची किंमत रुपयांत कितीही लिहिली तरी त्या रुपयांनी जपानच्या कर्जाचा हप्ता फिटत नाही, हे डीपीआर वाचताना लक्षात ठेवावं.

एमएमआरडीएने आपल्या अनेक मार्गिका निम्म्या भागीदारीत न करता राज्याच्या आणि स्वतःच्या बळावर, कर्ज काढून सुरू केल्या. मंजुऱ्या लवकर मिळाल्या, ओझं मात्र सगळं इथेच राहिलं.

जागतिक बँक, जायका यांचं कर्ज थेट एमएमआरडीएच्या खात्यात येतं का?

बहुतेक वेळा नाही. नेहमीची वाट अशी: करार केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयाशी होतो. राज्याची किंवा महामंडळाची संस्था आधी स्वतःचा पैसा खर्च करते. मग खर्चाचा दावा दिल्लीतल्या सहाय्य लेखा व लेखापरीक्षा नियंत्रकाकडे जातो, तिथून तो बँकेकडे. बँक पैसा भारत सरकारला देते, सरकार तो राज्याला त्याच अटींवर पुढे देतं, राज्य आपल्या अर्थसंकल्पातून तो संस्थेला सोडतं. मोठ्या ठेकेदाराला सावकाराने परस्पर पैसे देण्याचीही सोय काही करारांत असते.

म्हणजे 'कर्ज मिळालं' या बातमीचा अर्थ 'आधी तुम्ही खर्च करा, मग बघू' असा असतो. त्यासाठी संस्थेच्या गल्ल्यात फिरता पैसा लागतो. शिवाय निविदेच्या प्रत्येक मोठ्या टप्प्यावर सावकाराची ना-हरकत घ्यावी लागते. ती न घेता काम दिलं तर तो खर्च 'अपात्र' ठरतो आणि दावा परत येतो. काम खरं, बिल खरं, तरी पैसा स्वतःच्या खिशातून! नव्या अधिकाऱ्याने पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकायची असेल तर ही शिकावी. न उचललेल्या रकमेवरही अनेक कर्जांत वचनबद्धता शुल्क लागतं, त्यामुळे 'कर्ज मंजूर करून ठेवू, लागेल तेव्हा घेऊ' हे फुकट नसतं.

एक ठळक अपवाद आहे. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भक्कम आर्थिक स्थितीच्या राज्य संस्थांना द्विपक्षीय संस्थांकडून थेट कर्ज घ्यायला परवानगी दिली. निमित्त होतं एमएमआरडीएचा शिवडी-न्हावाशेवा पूल, आजचा अटल सेतू. १७,८५४ कोटींपैकी १५,१०९ कोटी जायकाकडून, राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. पूल रस्त्याचा, पण त्याने पाडलेला पायंडा प्रादेशिक संस्थेने कर्ज उभारण्याच्या कामी येणारा होता.

कर्ज देणाऱ्याने मध्येच हात आखडता घेतला, असं कधी झालंय?

झालंय, आणि ते प्रत्येक प्रशिक्षणात शिकवायला हवं. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या, म्हणजे एमयूटीपीच्या पहिल्या टप्प्यासाठी जागतिक बँकेने २००२ मध्ये सुमारे ५४ कोटी डॉलरचं सहाय्य मंजूर केलं. रेल्वेचे जादा मार्ग, नवे डबे, आणि सोबत जोगेश्वरी-विक्रोळी व सांताक्रूझ-चेंबूर हे जोडरस्ते. त्यासाठी रुळांलगतच्या आणि रस्त्यावरच्या सुमारे एक लाख लोकांना हलवायचं होतं. एवढं मोठं नागरी पुनर्वसन देशात त्याआधी क्वचितच झालं असेल.

दुकानदारांनी आणि रहिवाशांनी २००४ मध्ये बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. धंदा रस्त्यावरचा, पर्यायी गाळा आडबाजूला. इमारतीत पाणी नाही, सोसायटीचा देखभाल खर्च परवडत नाही. तपासणी मंडळाने त्यात तथ्य मानलं. १ मार्च २००६ ला बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या दोन भागांचं वितरण थांबवलं. अटी पूर्ण होऊ लागल्यावर जूनच्या अखेरीस ते पुन्हा सुरू झालं.

पुनर्वसन हा 'सामाजिक' विभागाचा विषय, निधी हा 'वित्त' विभागाचा, अशी तोवर सोयीची वाटणी होती. पाण्याच्या टाकीवरून कर्जाचा नळ बंद होतो, हे तेव्हा वित्तवाल्यांना कळलं. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने पुढे तर कर्जाची मुदतही ओलांडली आणि तो २०१४ मध्ये खुला झाला.

लोकलच्या कामांचा खर्च रेल्वे करते की राज्य?

दोघे, साधारण निम्मा-निम्मा. एमयूटीपीच्या पहिल्या दोन टप्प्यांत जागतिक बँक होती. १०,९४७ कोटींच्या तिसऱ्या टप्प्यासाठी आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेने ५० कोटी डॉलर मंजूर केले. विरार-डहाणू चौपदरीकरण, पनवेल-कर्जत दुपदरी उपनगरी मार्ग, ऐरोली-कळवा जोडमार्ग हे त्यातले. ३अ टप्पा ३३,६९० कोटींचा. राज्याच्या वाट्याचा बराच भाग एमएमआरडीए आणि सिडकोच्या गळ्यात पडतो, आणि मग मेट्रोचे हप्ते आणि लोकलचा वाटा एकाच पिशवीतून काढताना कोणाला आधी द्यायचं, हा तंटा दरवर्षीचा. प्रवासीही थोडं देतो: उपनगरी तिकिटात एमयूटीपीचा अधिभार मिसळलेला असतो.

अर्थसंकल्पात तरतूद आहे, तरी ठेकेदाराचं बिल महिनोन्‌महिने का अडकतं?

तरतूद म्हणजे परवानगी. रोकड वेगळी. एका चालू बिलाचा प्रवास बघा. ठेकेदार महिन्याच्या कामाचं बिल टाकतो. कनिष्ठ अभियंता आणि प्रकल्प सल्लागाराचा माणूस जागेवर जाऊन मोजमाप घेतात, काँक्रीटच्या घनांचे चाचणी अहवाल जोडतात. कार्यकारी अभियंत्याची सही होते. मग लेखा विभागात कपाती: प्राप्तिकर, वस्तू व सेवा कराची २ टक्के कपात, बांधकाम कामगार कल्याणाचा १ टक्का उपकर, राखून ठेवायची सुरक्षा रक्कम, सुरुवातीला दिलेल्या अग्रिमाची वसुली. त्यानंतर भाववाढ. पोलाद, सिमेंट, डिझेल यांचे निर्देशांक सूत्रात घालून ती काढतात, आणि निर्देशांक दोन-तीन महिने मागून जाहीर होत असल्याने हिशेब आधी तात्पुरता, नंतर अंतिम. करारात नसलेली एखादी अतिरिक्त बाब असेल, समजा पत्र्याआड अचानक सापडलेली जुनी जलवाहिनी सरकवण्याचं काम, तर तिचा दर ठरेपर्यंत बिलाचा तेवढा तुकडा लोंबकळत राहतो.

इतकं होऊन बिल पास झालं, तरी राज्याने हप्ता सोडलेला असायला हवा. राज्याच्या पैशाचं वाटप बीम्स या प्रणालीवर होतं. तिथे निधी 'दिसला' की नाही, हा मंत्रालयातल्या आणि प्रकल्प कार्यालयातल्या लोकांचा रोजचा फोन. केंद्राच्या योजनांत तर २०२१ पासून एकल समन्वय खात्याची, म्हणजे एका योजनेचा पैसा एकाच बँक खात्यात ठेवण्याची पद्धत आली. आधीचा हप्ता बहुतांशी खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा मिळत नाही. राज्याचा जुळणारा वाटा खात्यात पडला नसेल तरी अडतं. म्हणजे तीन जणांपैकी एकाने उशीर केला की तिघांचाही उशीर.

मार्चअखेरीला एवढी धावपळ कशाला?

कारण ३१ मार्चला न खर्चलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे बुडते, आणि पुढच्या वर्षी 'तुम्हाला लागत नव्हती' म्हणून ती कापली जाते. म्हणून फेब्रुवारीत साहित्य जागेवर आणून त्यावर अग्रिम देणं, बिलं घाईने पास करणं असे प्रकार होतात. प्रकल्प वर्षभर एकसारखा चालतो. हिशेबाचं वर्ष मात्र तसं नाही. संस्थेकडे स्वतःचा निधी असला की ही घाई बरीच कमी होते. एमएमआरडीएची जुनी श्रीमंती इथे कामी यायची.

श्रीमंती? ती आली कुठून?

वांद्रे-कुर्ला संकुलातून. खाडीकाठच्या दलदलीत भराव टाकून तयार झालेले भूखंड ८० वर्षांच्या भाडेपट्ट्याने लिलावात गेले आणि त्यातून प्राधिकरणाच्या ठेवी उभ्या राहिल्या. त्याहून शहाणपणाचं उदाहरण सिडकोचं. मानखुर्द-वाशी-बेलापूर रेल्वेच्या खर्चातले ६७ टक्के सिडकोने उचलले, ३३ टक्के रेल्वेने. वाशीपर्यंत गाडी १९९२ मध्ये आली आणि सिडकोचे भूखंड त्यानंतर कसे विकले गेले, हे नवी मुंबईत घर शोधलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वाशी आणि बेलापूर स्थानकांच्या डोक्यावरची कार्यालयं हा त्याच विचाराचा भाग. उरणची रेल्वेही याच ६७-३३ वाटणीत झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोहोचली.

पण जमीन एकदाच विकता येते. मेट्रोची कामं एकाच वेळी अनेक मार्गिकांवर सुरू झाल्यावर ठेवी आटल्या आणि प्राधिकरण कर्जदार झालं. आता वाढीव चटईक्षेत्राचं अधिमूल्य (जादा बांधकामाच्या परवानगीपोटी बिल्डर भरतो ती रक्कम), विकास शुल्क यांवर भर आहे. त्यांचं उत्पन्न घरबांधणीच्या बाजाराबरोबर वरखाली होतं. मेट्रोच्या हप्त्याची तारीख मात्र पक्की असते.

घर घेताना १ टक्का मेट्रोसाठी द्यावा लागतो. तो माझ्या भागातल्या मेट्रोला मिळतो का?

मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा शहरांत १ एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कावर १ टक्का अधिभार पुन्हा लागू झाला. मुंबईत त्यामुळे एकूण ६ टक्के झाले. ५० लाखांच्या घराला ५० हजार. तो पैसा आधी राज्याच्या तिजोरीत जातो, तुमच्या चौकातल्या खांबावर नाही. तिथून संस्थांना किती आणि कधी मिळेल ते राज्य ठरवतं. कल्पना योग्यच आहे, कारण मेट्रोने घराची किंमत वाढते आणि त्या वाढीतला थोडा वाटा मेट्रोने परत मागितला तर बिघडलं काय? मात्र अधिभार मेट्रोच्या नावाने घेतला तर वर्षाअखेरीस किती जमा, किती वाटप, एवढं एक पान तरी प्रसिद्ध व्हावं.

खासगी कंपनीला दिलं तर सरकारचा पैसा वाचत नाही का?

थोडा वाचतो, नंतर कधीकधी दुप्पट जातो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मार्गिका १ अशीच झाली. ११.४ किलोमीटर, ८ जून २०१४ ला सुरू. खासगी भागीदाराकडे बहुसंख्य हिस्सा, एमएमआरडीएकडे २६ टक्के. केंद्र आणि राज्याने मिळून ६५० कोटींचा तफावत निधी दिला. मूळ खर्च २,३५६ कोटी धरला होता. कंपनी म्हणाली, ४,३२१ कोटी झाला. एमएमआरडीएने तो आकडा मानला नाही. खर्च कोणाचा आणि भाडं किती यावरून भांडण वर्षानुवर्षं लवादात आणि न्यायालयात. चारकोप-वांद्रे-मानखुर्द ही दुसरी खासगी मार्गिका तर बांधकामाविना २०१४ मध्ये रद्दच झाली.

पुण्यात हिंजवडी-शिवाजीनगर मार्गिका पीएमआरडीए, म्हणजे तिथलं प्रादेशिक प्राधिकरण, खासगी भागीदारीत करत आहे: २३.३ किलोमीटर, २३ स्थानकं, ३५ वर्षांचा करार, २०१७ च्या धोरणाखालचा या प्रकारचा देशातला पहिला प्रकल्प. यात प्राधिकरणाच्या वाट्याला मुख्य जोखीम जागा वेळेवर देण्याची. ती चुकली की भरपाईचा दावा तयारच.

'सुप्रमा' म्हणजे काय? आणि खर्च एवढा का फुगतो?

सुधारित प्रशासकीय मान्यता. सरकारी कचेऱ्यांत पूर्ण शब्द कोणी उच्चारत नाही. मंजूर खर्चाची मर्यादा ओलांडायची तर आधी सुप्रमा, मगच पैसे. मार्गिका ३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला, सुमारे ६१ टक्के जास्त. यात कारशेडच्या वादाचा वाटा लोकांना ठाऊक आहे: नोव्हेंबर २०१९ मध्ये आरेतल्या कामाला स्थगिती, ऑक्टोबर २०२० मध्ये कांजूरमार्गचा निर्णय, डिसेंबरमध्ये तिथे उच्च न्यायालयाची स्थगिती, २०२२ मध्ये पुन्हा आरे. पण कारशेड हे एकमेव कारण नव्हे. जुन्या इमारतींखालून बोगदा, कोर्टातली प्रकरणं, येनचा दर, बांधकामाच्या काळातलं व्याज, करोनाचं वर्ष, सगळं त्यात आहे.

यातला गंमतीचा भाग, गंमत म्हणावी तर, असा की सुप्रमाला उशीर झाला की त्या उशिरानेच खर्च आणखी वाढतो. प्रस्ताव संस्थेकडून नगरविकास विभागाकडे, तिथून वित्त आणि नियोजनाकडे, मंत्रिमंडळाकडे, मग केंद्राकडे आणि जायकाकडे. माझं मत विचाराल तर सुप्रमाचा प्रस्ताव खर्च मर्यादेला भिडण्याच्या दीड-दोन वर्षं आधी तयार हवा. प्रत्यक्षात तो पैसा संपायला आल्यावर निघतो, कारण आधी काढला तर 'खर्च वाढला' ही बातमी आधी होते.

बससाठी इतका पैसा का नाही? बस तर स्वस्त.

स्वस्त आहे, म्हणूनच मिळत नाही, असं म्हणायचा मोह होतो. मोठं कर्ज मोठ्या कामाला सहज मिळतं. पाचशे बसची खरेदी परदेशी बँकेच्या दृष्टीने किरकोळ. जेएनएनयूआरएम या शहर-सुधार योजनेच्या काळात केंद्राने बसखरेदीला थेट अनुदान दिलं, फेम-२ या इलेक्ट्रिक वाहनांच्या योजनेत १२ मीटरच्या इलेक्ट्रिक बसला ५५ लाखांपर्यंत. ऑगस्ट २०२३ मधल्या पीएम ई-बस सेवेत १०,००० बससाठी केंद्राचे २०,००० कोटी, पण तो पैसा बस विकत घ्यायला नाही, चालवण्याच्या प्रति किलोमीटर खर्चाला आणि डेपोच्या कामांना.

इथे भांडवली आणि महसुली यांची सीमाच पुसली गेली. बेस्टने भाडेतत्त्वावरच्या बस घेतल्या. गाडी, चालक, देखभाल ठेकेदाराचे, बेस्ट किलोमीटरमागे पैसे देते. खरेदीचा मोठा आकडा अर्थसंकल्पातून गेला. पण तोच खर्च दर किलोमीटरला, दहा-बारा वर्षं, महसुली खात्यात बसला, आणि महसुली तूट भरून काढायला कोणतीही जागतिक बँक येत नाही. ठेकेदाराला परवडेनासं झालं की गाड्या एका सकाळी डेपोतच उभ्या राहतात, हे मुंबईकरांनी पाहिलं आहे.

बांधून झाल्यावर तरी निधी विभागाचं काम संपतं ना?

मोनोरेलकडे बघा. चेंबूर-वडाळा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये, पुढचा जेकब सर्कलपर्यंत मार्च २०१९ मध्ये. प्रवासी कमी, सुटे भाग मिळेनात, डिसेंबर २०१८ मध्ये चालवणाऱ्या ठेकेदाराचा करार रद्द, सगळा भार एमएमआरडीएवर. सप्टेंबर २०२५ मध्ये सेवा दुरुस्ती आणि नव्या गाड्यांसाठी बंद ठेवली. म्हणजे भांडवली खर्च दुसऱ्यांदा.

मेट्रोच्या डब्यांचं आयुष्य ३०-३५ वर्षं धरतात, सिग्नल त्याआधी बदलावे लागतात. त्या बदलीसाठी दरवर्षी बाजूला रक्कम ठेवायची असते. तूट असलेल्या वर्षी हाच कप्पा पहिल्यांदा रिकामा होतो.

हे सगळे कागद सामान्य माणसाला कुठे मिळतील?

संस्थेचा वार्षिक अर्थसंकल्प आणि डीपीआर बहुधा तिच्या संकेतस्थळावर असतात. जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि जायका यांचे प्रकल्प अहवाल त्यांच्या संकेतस्थळांवर, आणि अनेकदा तिथले आकडे इथल्यापेक्षा लवकर आणि मोकळेपणाने दिसतात. कॅगचे अहवाल विधिमंडळात मांडले गेले की खुले. बाकीसाठी माहितीचा अधिकार: १० रुपये शुल्क, आणि महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. 'मेट्रोच्या खर्चाची माहिती द्या' असं लिहिलं तर उत्तर गुळगुळीत येणार. त्याऐवजी अमुक पॅकेजच्या शेवटच्या चालू बिलाची तारीख, त्या तारखेपर्यंतचा एकूण खर्च, मंजूर भाववाढ आणि प्रलंबित अतिरिक्त बाबींची यादी मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं.